मी सही केलेली डिस्क

परवा फोनवर तू म्हणालीस की नव्या नोकरीत तुझं काम डिस्कचा वेग मोजण्याचं आहे. मागून तुझा भाऊ म्हणाला, "आजीला आधी डिस्क म्हणजे काय ते सांग." तुम्ही दोघं हसलात, मीही हसले. तुला कामावर निघायचं होतं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. पण मी डिस्क मोजलेली आहे. पाच दिवस मोजली, शाळेच्या क्रीडादिनाच्या जुन्या स्टॉपवॉचने. आणि ती डिस्क उत्तम आहे असं त्याआधी मीच सही करून लिहून दिलं होतं. हे सगळं मी तुमच्या बाबालाही कधी नीट सांगितलेलं नाही.

सात रस्त्याकडून घरी येताना डाव्या हाताला ट्रस्टचा दवाखाना लागतो, तो तुम्हाला आठवत असेल. एका सुट्टीत तू गच्चीच्या पायरीवरून पडलीस तेव्हा हनुवटीला तिथेच टाके घातले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्या दवाखान्याच्या कमिटीत गेले. बाकीचे सभासद डॉक्टर, वकील, व्यापारी. मी आयुष्यभर शास्त्र शिकवलेलं, त्यातून इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून संगणकाचं सगळं माझ्याकडे सोपवून ते मोकळे झाले.

जुना संगणक वारंवार बंद पडायला लागला तेव्हा नवा मोठा आणला. केस पेपरची खिडकी, औषधांची खिडकी आणि लॅब, या तिन्ही ठिकाणच्या नोंदी त्याच्या एकाच डिस्कवर जाणार होत्या. तो बसवून देणारे दुकानदार पन्नाशीचे, अदबीने बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझ्यासमोर चाचणी लावली. पडद्यावर मोटारीत असते तशी तबकडी आली आणि काटा सरसरत उजवीकडे गेला.

"बघा मॅडम. अख्खा सिनेमा डोळ्याचं पातं लवायच्या आत मशीनमध्ये जातो."

मी चाचणी तीनदा लावायला लावली. तिन्ही आकडे वहीत लिहिले, सरासरी काढली, आणि त्यांच्या कागदावर लिहिलं: यंत्र तपासले, वेग समाधानकारक. खाली सही, तारीख. एखादी गोष्ट तीनदा मोजून सरासरी काढावी, हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलं. आपण नेमकं काय मोजतो आहोत हे त्याच्याही आधी विचारावं, हेसुद्धा शिकवलं. त्या दिवशी मी ते विचारलं नाही.

महिन्याभरात केस पेपरच्या खिडकीपुढची रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला आधी तिथे नाव, वय, गाव सांगून केस पेपर काढावा लागतो. त्याशिवाय डॉक्टर बघत नाहीत. लोक वैतागले, तक्रारी आल्या आणि विषय कमिटीपुढे गेला.

अध्यक्ष निवृत्त सर्जन होते. त्यांना लांबलेलं काही आवडत नसे. ते म्हणाले, "मशीन वेगवान आहे, हे आपल्याकडे लेखी आहे. मॅडमची सही आहे. मग उरलं कोण? खिडकीतली बाई."

वकीलसाहेबांनी री ओढली. "औषधाच्या खिडकीवर त्याच मशीनवर काम कसं सरसर चालतं. म्हणजे दोष हातात आहे."

तिला एक तारखेपासून कामावरून काढून टायपिंगची परीक्षा झालेलं कुणीतरी घ्यायचं, असं ठरत आलं. माझी सही तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून टेबलावर पडली होती. मी म्हटलं, मला आठवडा द्या, मी खिडकीत बसून बघते.

"बघा की," अध्यक्ष म्हणाले. "पण पुढच्या शनिवारी ठराव होणार."

ती बाई चाळिशीची, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतली. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नवऱ्याचे माग बंद पडल्यापासून सासू-सासरे आणि दोन मुली तिच्याच नोकरीवर होत्या. आठ वर्षं ती त्या खिडकीत बसत होती आणि या आठ वर्षांत मी तिच्याशी 'बरं आहे ना' यापलीकडे बोलले नव्हते. ठरावाचं तिला शिपायाकडून कळलेलं होतं. सोमवारी सकाळी मी वही आणि स्टॉपवॉच घेऊन आत गेले, तेव्हा तिने माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं आणि काही विचारलं नाही.

खिडकी म्हणजे जिन्याखालची प्लायवूडची खोली. पुढे काच, काचेला अर्धगोल भोक, मागे भिंत, डोक्यावर जिन्याचा उतार. दोन माणसं बसली की गुडघे प्रिंटरला लागतात. पंखा आहे, पण लावला की कागद उडतात, म्हणून बंद. एप्रिल महिना होता. दार एकच, आणि ते बाहेर, व्हरांड्यात उघडतं. मी पाण्याची बाटली टेबलावर ठेवली तशी ती हळूच म्हणाली, "जास्त पिऊ नका मॅडम. एकपर्यंत दार उघडत नाही."

मला ती गंमत वाटली. नऊला खिडकी उघडली आणि रांग दाराला टेकली. दाराला पाठ लावून बसलेल्या म्हाताऱ्यांना, कडेवर पोर घेतलेल्या बायांना तुम्ही कितीदा उठवणार? साडेअकराला मला बाहेर जायची गरज वाटली आणि ती गंमत नव्हती हे कळलं. ती आठ वर्षं सकाळी उठल्यापासून दुपारी एकपर्यंत पाणी पीत नव्हती.

मी वहीत तीन रकाने आखले होते. माणूस बोलतो तो वेळ, ही टाइप करते तो वेळ, आणि मशीनसाठी थांबते तो वेळ. एका केस पेपरला बारा प्रकारची माहिती भरावी लागे. ती एक भरायची, सेव्ह दाबायची. पडद्यावर गोल चक्र फिरायचं. ते थांबलं की पुढची. हे मी सारखं बघत होते आणि तरी पहिले दोन दिवस मला काही दिसलं नाही. मी फक्त घड्याळाचं बटण दाबत होते.

काचेपलीकडचे लोक आमच्याकडे पिंजऱ्यात बघावं तसे बघत. एक आजी भोकाला तोंड लावून म्हणाली, "माझं नाव ल्ह्यायला इतका येळ? माझ्या बापानं ठेवायला बी इतका घेतला नसंल."

रांग हसली. ही पण हसली. म्हणाली, "बापाकडं हे मशीन नव्हतं आजी."

"मग तू बी टाकून दे की ते."

जेऊरहून आलेला एक माणूस दर दोन मिनिटांनी यायचा. "बाई, माझी गाडी चुकंल. निजलाव काय दोघी आत?" मी त्याला शाळेतल्या आवाजात रांगेत जायला सांगितलं. तो गेला, पण जाताना मागच्याला म्हणाला, "आता दोघी बसल्यात, तरी तितकाच येळ. तिसरी आली की दवाखानाच बंद."

मंगळवारी माझ्या लक्षात आलं की चक्र फिरत असताना हिचे ओठ हलतात. मला वाटलं नामस्मरण करत असेल. विचारलं तर म्हणाली, "नाही मॅडम, मोजते."

"काय मोजता?"

"हे फिरतंय ते. थांबेपर्यंत. ओकटि, रेंडू, मूडू, नालुगु. जुन्या मशीनला एकवर थांबायचं. आता चार. औषधवाल्यांनी आणि लॅबनं एकदम काम सुरू केलं की सहा."

मी वहीतला शेवटचा रकाना बघितला. चार, चार, साडेचार, चार, सहा. माझं स्टॉपवॉच जे सांगत होतं ते ती तोंडाने महिनाभर मोजत होती.

"कुणाला सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगितलं की. दुकानवाले साहेब म्हणाले, मशीन बरोबर आहे, लेखी आहे." लिहिणारी कोण, हे ती बोलली नाही.

त्या दुपारी घरी येऊन मी हिशेब मांडला. एका केस पेपरला साधारण दीड मिनिट. त्यातली वीस-बावीस सेकंद बोलणं, वीसच्या आसपास टाइप करणं, आणि पन्नास सेकंद नुसतं थांबणं. बारा वेळा सेव्ह, प्रत्येकाला चार. तिच्या बोटांत काहीच दोष नव्हता. माझ्याहून ती दुप्पट वेगाने टाइप करत होती. मला बरं वाटलं. उत्तर सापडलं असं वाटलं.

बुधवारी अकराच्या सुमारास लाइट गेली. जिन्याखाली एकदम काळोख. मशीनची बॅटरी थोडा वेळ टीं-टीं करून गप्प झाली. काचेवर माणसं दाटली, खोलीतली हवा संपल्यासारखी झाली. मी दार ढकललं. ते बोटभर हललं आणि कुणाच्या तरी पाठीला लागून थांबलं. "मॅडम, बसा," ती अंधारात म्हणाली. "ढकललं की ते जास्त टेकतात." मी बसले. हाताला भिंत लागत होती, गुडघ्याला प्रिंटर. किती वेळ गेला ते माझ्या हातातल्या घड्याळावर दिसत नव्हतं. ही इथे रोज बसते, आणि या खोलीबाहेर बसून आपण तिच्याबद्दल ठराव करत होतो, एवढं एकच डोक्यात येत राहिलं.

लाइट आली. आमचा अर्धवट केस पेपर सातव्या माहितीपर्यंत जसाच्या तसा होता. तिने आठवी विचारली. पलीकडे औषधाच्या खिडकीत मात्र आरडाओरड चालली होती. त्यांचं अख्खं पान गेलं होतं.

तेव्हा मी विचारलं, "तुम्ही प्रत्येक माहितीनंतर सेव्ह का करता? औषधवाले तर पान संपल्यावर एकदाच करतात."

तिने हनुवटीने माझ्या मागची भिंत दाखवली. मी वळून बघितलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चारही कोपरे चिकटवून ठेवलेला एक कागद. आधी इंग्रजीत, खाली मराठीत: प्रत्येक माहिती भरल्यावर सेव्ह करावे. अपवाद नाही. अक्षर माझं. खाली सही, तारीख.

सहा वर्षांपूर्वी लाइट जाऊन एका पेशंटची पूर्ण नोंद गेली होती. तेव्हा मी असे तीन कागद लिहून तिन्ही ठिकाणी लावले होते. ते मी साफ विसरले होते. तीन दिवस त्या कागदाला पाठ लावून मी बसले होते.

"बाकीच्यांनी काढला, रंग दिला तेव्हा," ती म्हणाली. "मी पिशवीत घालून परत लावला. तुमीच लावलाय की मॅडम."

म्हणजे दवाखान्यात माझा नियम पाळणारी एकटी तीच होती, आणि त्याच कारणाने ती सर्वांत हळू ठरली होती. ज्यांनी कागद काढून टाकला ते सरसर काम करणारे. जुन्या मशीनवर दर सेव्हला एकच सेकंद जायचा, तो कुणाच्या लक्षात येत नव्हता. नव्या मशीनवर मी सही केली आणि माझ्या दोन सह्यांच्या मध्ये ती सापडली.

तुम्हाला खरं सांगते, माझा हात त्या कागदाकडे गेला होता. काढला असता तर रांग दोन दिवसांत ओसरली असती. शनिवारी मी म्हटलं असतं, बाई आता सुधारली आहे. नोकरी टिकली असती, आणि माझ्या दोन्ही सह्यांबद्दल कुणी विचारलं नसतं.

तिने माझा हात बघितला. म्हणाली, "काढू नका मॅडम. काढला आणि लाइट गेली, नोंद गेली, तर नाव माझंच येईल."

कागद पाळला तर ती हळू, नाही पाळला तर निष्काळजी. त्या खोलीला एकच दार होतं आणि तेही उघडत नव्हतं. मी हात मागे घेतला.

गुरुवारी दुकानदारांना बोलावलं. मी त्यांना वही दाखवली. ते अदबीने हसले. "मॅडम, स्टॉपवॉचनं डिस्क मोजत नसतात." त्यांनी पुन्हा तबकडी लावली. दुपारची वेळ, तिन्ही ठिकाणची कामं बंद. काटा पुन्हा सरसरत उजवीकडे गेला. "बघा. तेव्हा होता तोच वेग."

"उद्या सकाळी दहाला या," मी म्हटलं. "रांग असताना."

ते आले. त्यांना दारातून आत घ्यायला रांगेतल्या सहा जणांना उठवावं लागलं. ते वाकून उभे राहिले, डोकं जिन्याला लागत होतं. मी विचारलं, तबकडी नको, काम चालू असताना डिस्क किती वेळ घेते ते दाखवणारं काही मशीनमध्येच असेल ना? त्यांनी जरा वेळ घेतला, मग एक आलेख उघडला. ही सेव्ह दाबायची आणि आलेखाची रेघ उभी वर जायची. ही पुटपुटायची, ओकटि, रेंडू, मूडू, नालुगु, आणि रेघ खाली यायची. असं त्यांनी दहा-बारा वेळा बघितलं. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

मग ते खरं बोलले, ते मी त्यांच्या बाजूने नोंदवते. "माझी चाचणी एक मोठी फाइल सलग लिहिते. चादरींचा गठ्ठा एकदाच ट्रकात टाकावा तशी. तुमचा प्रोग्राम एकेक रुमाल नेतो, चार जागी नोंदवतो, आणि प्रत्येकाची पोच आल्याशिवाय दुसरा उचलत नाही. त्यात तिघांचे रुमाल एकाच दारातून. गठ्ठ्याला ही डिस्क उत्तम. रुमालांना नाही."

"मग तुमची चाचणी खोटी होती?"

"नाही मॅडम. चाचणी खरीच आहे. तुमची वही पण खरी आहे."

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तीनदा मोजायला लावलंत. सरासरी काढलीत. मला वाटलं, यांना सगळं ठाऊक आहे."

शनिवारी मी कमिटीपुढे दोन पानं वाचली. पहिल्या पानावर तबकडीचे आकडे, दुसऱ्यावर खिडकीतले. दोन्ही कसे मोजले, कुठल्या वेळी, तेव्हा कोण कोण काम करत होतं, सगळं. मग भिंतीवरच्या कागदाची नक्कल वाचली आणि तो कुणी लिहिला ते सांगितलं. डिस्क तपासली मी, नियम लावला मी, आणि दोन्ही एकत्र चालवून बघितलं नाही तेही मीच, असं म्हणाले.

वकीलसाहेबांनी विचारलं, "म्हणजे चूक तुमची, असं इतिवृत्तात लिहायचं?"

"हो. तसंच लिहा."

"आणि सहा वर्षं ती बाई बारा-बारा वेळा बटण दाबत बसली?" अध्यक्षांनी विचारलं. "तिला स्वतःला काही वाटलं नाही?"

"आपण लेखी सांगितलं होतं," मी म्हटलं.

तिला काढायचा विषय रद्द झाला. दुकानदारांनी अशा कामासाठी असते ती डिस्क घालून द्यायची, आणि रांग असताना, तिन्ही ठिकाणी काम चालू असताना, खिडकीतच मोजून मग ती स्वीकारायची असं ठरलं. "मोजायला बसणार कोण?" असं अध्यक्षांनी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या दुसऱ्या पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: खिडकीच्या खोलीचे दार सकाळी नऊ ते एक उघडत नाही, ते बदलावे. वकीलसाहेब हसले. "मॅडम, हे डिस्कमध्ये कुठं बसतं?" दार आत उघडायला आत जागा नाही, सरकतं दार लावायचं तर प्लायवूड तोडायला हवं, जिना हलवता येत नाही. चहा आला आणि ती ओळ राहून गेली. मी ती पुढच्या चार बैठकांत पुन्हा मांडली. मग मीही दमले.

सोमवारी सकाळी मी नऊच्या आधी गेले, रांग दाराला टेकायच्या आत. तिला सांगितलं, ठराव झाला नाही, तुम्हाला कुणी काढणार नाही. ती उजव्या हाताने कागदांचा गठ्ठा सारखा करत होती.

"म्हणजे मी राहणार?"

"हो."

"इथंच?"

"इथंच," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, मशीन चालू केलं आणि भोकासमोरची फळी उचलली. मी बाहेर आले. मागे दार लागलं आणि पहिली म्हातारी त्याला पाठ टेकवून खाली बसली.

तू ज्या जागी मोजतेस तिथे थंड हवेची मोठी खोली असेल, तुझी साधनं माझ्या स्टॉपवॉचपेक्षा कितीतरी चांगली असतील. तुझे आकडे चूक असतील असं मला म्हणायचं नाही. माझेही चूक नव्हते.

हल्ली मी महिन्यातून एकदा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तिथे जाते. ती मला काचेतून बघते, सेव्ह दाबते, ओठ हलतात, आणि ती एक बोट वर करते. नव्या डिस्कवर ते एकवर थांबतं. मी माझी पाण्याची बाटली उचलून खुणेने विचारते. ती मान हलवून नाही म्हणते आणि पुढच्याला नाव विचारते.